दारू लवकर उतरावी म्हणून काय द्यायचे?

"डॉक्टर, ह्यांची लवकर उतरायला काय द्यायचं?" तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करताना हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो, लग्नसराईत, यात्रेच्या दिवसांत आणि ३१ डिसेंबरच्या रात्री जरा जास्तच. विचारणारी बहुधा पत्नी किंवा आई असते, कधी मित्र असतात, तर कधी पहाटे गाडीवर जायचे असलेला चालक स्वतःच असतो. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, बोटे घालून काढलेली उलटी किंवा सलाइन, यांतला कोणता उपाय करू एवढेच त्यांना माझ्याकडून हवे असते. रक्तात पोचलेली दारू यांपैकी कशानेही लवकर कमी होत नाही, हे माझे उत्तर आहे. पण एवढ्यावर कुणाचे समाधान होत नाही, म्हणून शरीरात नेमके काय घडते ते सविस्तर लिहितो.

दारूतील अल्कोहोलचा रेणू लहान असतो आणि तो पाण्यात सहज मिसळतो, त्यामुळे त्याला अन्नासारखे पचावे लागत नाही. थोडा भाग जठरातून आणि बराचसा लहान आतड्यातून तो जसाच्या तसा रक्तात शिरतो. पोटात जेवण असेल तर जठरातला ऐवज आतड्यात सावकाश उतरतो आणि दारू हळूहळू चढते. उपाशीपोटी घेतलेली दारू झपाट्याने चढते, ती याच कारणाने. रक्तातून ती शरीरातल्या सगळ्या पाण्यात पसरते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने, वजन सारखे असले तरी तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातली पातळी अधिक वर जाते.

बाहेर पडण्याचा मार्ग मात्र अरुंद आहे. श्वास, घाम आणि लघवी यांतून जाणारा वाटा थोडाच असतो. नव्वद टक्क्यांच्या वर दारू यकृतालाच निकालात काढावी लागते. तिथे अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचे एन्झाइम तिचे ॲसिटाल्डिहाइडमध्ये रूपांतर करते. हा पदार्थ मूळ दारूपेक्षा जास्त विषारी आहे. दुसरे एन्झाइम त्याचे ॲसिटेट करते आणि शेवटी त्याचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. महत्त्वाची गोष्ट अशी की पहिले एन्झाइम थोड्याशा दारूनेच पूर्ण गुंतून जाते आणि त्यानंतर तुम्ही कितीही प्यायलात तरी त्याचा वेग वाढत नाही. साधारण प्रौढ माणसात हा वेग तासाला सात ते दहा ग्रॅम असतो.

आता हिशेब करून पाहू. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलीटरचा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १८० मिलिलीटरची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलीटरची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, अर्थात दोन मोठे पेग. "मी फक्त बिअर घेतो" असे सांगणाऱ्यांना हा आकडा कळल्यावर धक्का बसतो. मध्यरात्री क्वार्टर संपवून झोपलेल्या माणसाच्या शरीरातून ती पुरती जायला सकाळचे सात-आठ वाजू शकतात. मोटार वाहन कायद्यातील मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. पहाटे चारला तोंड धुऊन, चहा पिऊन जीप काढणारा चालक झोप झाल्यामुळे ताजातवाना दिसला, तरी त्याचे रक्त या मर्यादेच्या वर असू शकते. चालकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण मागे बसलेल्यांना ते कळण्याचा काही मार्ग नसतो.

कॉफीने झोप उडते. प्यायलेला माणूस जागा प्यायलेला माणूस होतो. लिंबूपाणी आणि सलाइन यांनी शरीरातले कमी झालेले पाणी भरून निघते, कारण दारू लघवी रोखणाऱ्या संप्रेरकाला दाबते. पण यकृताचा वेग तोच राहतो. गार पाण्याची अंघोळ तर धोक्याची आहे. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे अंग गरम वाटते आणि प्रत्यक्षात उष्णता बाहेर जात असते. सर्दी झालेल्या मुलाला चमचाभर ब्रँडी देणाऱ्या घरांनीही हे लक्षात घ्यावे. मुलांच्या बाबतीत आणखी एक भीती आहे. यकृत दारूच्या मागे लागले की नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मागे पडते आणि रक्तातली साखर घसरते. उपाशीपोटी पिणाऱ्या मोठ्या माणसांतही हे घडते, आणि तेव्हा साखर उतरून बेशुद्ध झालेल्या माणसाला "टाइट झालाय, झोपू द्या" म्हणून कोपऱ्यात ठेवले जाते.

उलटी काढू नका, असे मी बजावून सांगतो. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत गेली तर तो तिथेच गुदमरू शकतो. त्याला कुशीवर वळवून ठेवा, जवळ कुणीतरी बसा, आणि हाक मारून जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर वाट न पाहता रुग्णालयात आणा.

पचवणाऱ्या माणसाचे आपल्याकडे कौतुक होते. "अख्खी क्वार्टर मारून सरळ चालतो" हे त्याच्या मित्रांना ताकदीचे लक्षण वाटते, मला ते काळजीचे लक्षण वाटते. रोजच्या सवयीने मेंदू दारूशी जुळवून घेतो म्हणून तोल जात नाही, यकृतावरचा भार मात्र ग्रॅमच्याच हिशेबाने पडतो. दारू जाळताना यकृतात चरबी साठते. ती वेळीच दारू थांबवली तर काही आठवड्यांत ओसरू लागते, पण या काळात काहीच दुखत नसल्याने कुणी थांबत नाही. पुढे सूज येते, मग व्रण पडून यकृत कडक होते, आणि पोटात पाणी झाल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर माणूस माझ्यासमोर येतो. शिवाय नेहमी पिणाऱ्यांत यकृताची एक दुसरी यंत्रणा जास्त सक्रिय होते, आणि तीच पॅरासिटामॉलचे विषारी पदार्थात रूपांतर करते. म्हणून रोज पिणाऱ्याने सकाळच्या डोकेदुखीवर या गोळ्या मनाने घेत राहू नये.

२०१५ च्या जून महिन्यात मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा दारूत मिथेनॉल हे वेगळ्या प्रकारचे अल्कोहोल असते, आणि ते स्वतः फारसे घातक नसते. पण यकृतातले तेच पहिले एन्झाइम त्याचे फॉर्मल्डिहाइड बनवते आणि पुढे त्याचे फॉर्मिक ॲसिड होते. ते ॲसिड डोळ्याची नस आणि पेशींचा श्वास मारते. याला बारा-चोवीस तास लागू शकतात, म्हणून माणूस रात्री ठीक असतो आणि दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागते. हातभट्टी प्यायल्यानंतर नजर अंधुक होणे, पोटात कळा येणे किंवा धाप लागणे हा हँगओव्हर नव्हे. लवकर आणले तर हे एन्झाइम अडवणारे औषध देता येते आणि डायलिसिस करता येते.

शेवटी, याच प्रश्नाच्या उलट बाजूविषयी. वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस एखाद्या श्रावणात किंवा घरातल्या भांडणानंतर दारू एकदम सोडतो. दारूला तोंड देण्यासाठी उत्तेजित राहायला शिकलेला त्याचा मेंदू आता मोकाट सुटतो: हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन तो नसलेली माणसे पाहू लागतो. लोक याला बाहेरची बाधा समजतात. हे जीवघेणे असू शकते आणि औषधांनी टाळता येते. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत हे काम देखरेखीखाली होते. अशा माणसाला थेट ग्लुकोजचे सलाइन लावू नये, आधी व्हिटॅमिन बी-१ द्यावे लागते, कारण त्याच्या शरीरात ते उरलेलेच नसते आणि नुसत्या ग्लुकोजने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून असा रुग्ण आणाल तेव्हा तो रोज किती पितो आणि शेवटची कधी घेतली होती, हे न लाजता आधी सांगा. घरची माणसे बहुतेक वेळा नेमके तेच लपवतात, आणि उपचार त्यावरच ठरतो.