तुम्ही विचारलंत म्हणून: रिटायर झाल्यावर संसदेचे रिपोर्ट कशाला वाचता?

चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, बँकेत पेन्शनच्या लायनीत, सगळीकडं हाच प्रश्न. "साहेब, रिटायर झालाव, आता हरिपाठ वाचायचा सोडून ते दिल्लीच्या समित्यांचे रिपोर्ट काय वाचायलाव?" आणि त्याच्याच शेपटीला दुसरा, "संसदेत नुसता गोंधळ असतोय, तिथं सरकारच्या टार्गेटचं काय झालं ते कुणी विचारतं तरी का?" विचारतात. पण जे टीव्हीवर दिसतं त्यात नाही विचारत, दुसरीकडं विचारतात. आता तुम्ही विषय काढलाच तर जरा लांबून सांगतो, घाई असेल तर चहा पिऊन निघा.

माझी सगळी नोकरी पंचायत समितीत गेली, विस्तार अधिकारी सांख्यिकी, लातूर जिल्ह्यातले तीन तालुके फिरलो. काम एकच, एमपीआर. मासिक प्रगती अहवाल. उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी, शेवटी शेरा, आणि शेऱ्याचा रकाना कायम कोरा. वीस कलमी कार्यक्रमाचा वेगळा, घरकुलाचा वेगळा, विहिरींचा वेगळा. मी नवीन होतो तेव्हा कुटुंब नियोजनाच्या केसेसचंपण, म्हणजे नसबंदीच्या ऑपरेशनचं, टार्गेट असायचं, मार्च आला की मास्तर, ग्रामसेवक, सगळे केस हुडकत गावोगाव फिरायचे आणि एकाच केसवर दोघं हक्क सांगत माझ्या टेबलावर भांडायचे. एप्रिल १९९६ पासून केंद्रानं ती टार्गेटं देशभर बंद केली, तेव्हा कुठं मास्तर मार्चमध्ये शाळेत दिसायला लागले. तर टार्गेट म्हणजे काय चीज असते ते मला कुणी शिकवायची गरज नाही.

माझे डोळे उघडले ते पीआरसीच्या दौऱ्यात. पीआरसी म्हणजे आपल्या विधिमंडळाची पंचायती राज समिती, आमदारांची, ती जिल्हा परिषदेत येऊन जुने ऑडिट पॅरे, म्हणजे हिशोब तपासताना काढलेले आक्षेप, उकरते. ती येणार म्हटलं की महिनाभर आधी धावपळ, रजा बंद, रंगरंगोटी, पाच वर्षांपूर्वीच्या फायली माळ्यावरून खाली, रेस्ट हाऊसला जेवणाचा मेन्यू कोण ठरवणार यावर मीटिंग. त्या मीटिंगा तुम्ही बघायला पाहिजे होत्या, पाण्याच्या टंचाईवर इतकी गंभीर चर्चा मी कधी ऐकली नाही. असो. तर त्या दिवशी एका वयस्कर आमदारांनी हातपंपाचं पान उघडलं, साध्य रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे पूर्ण लिहिलंय, पूर्ण म्हणजे काय हो? बोअर मारला का पंप बसवला का पाणी येतंय?"

साहेबांनी इंजिनिअरकडं बघितलं, इंजिनिअरनं बीडीओकडं, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याकडं, बीडीओनं माझ्याकडं. मी कुणाकडं बघणार, माझ्या मागं भिंत होती. खरं उत्तर मला त्याच क्षणी कळलं होतं पण तोंडातून निघेना, की पूर्ण म्हणजे बिल निघालं. इतकी वर्षं मी तो आकडा बेरजा करून जिल्ह्याला पाठवत आलो, जिल्हा मुंबईला, मुंबई दिल्लीला, आणि कुणी विचारलंच नव्हतं. आमदार पुढचं पान उलटून निघूनपण गेले, त्यांच्या लक्षातही नसेल.

म्हणून मी रिपोर्ट वाचतो. दिल्लीत तो प्रश्न कुणी विचारतंय का ते बघायला.

आता संसदेचं सांगतो. १९९३ मध्ये खात्यांनुसार स्थायी समित्या सुरू झाल्या, तेव्हा १७ होत्या, आणि तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष कोण तर आपले शिवराज पाटील चाकूरकर, हे आपल्याच माणसांना माहीत नसतं. २००४ पासून २४ झाल्या. एकेका समितीत ३१ जण, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, मंत्री असला की सदस्य होता येत नाही. बजेट मांडलं की मध्ये सुट्टी असते ना, ती खासदारांना गावाकडं यायला नसते (येतात ते सोडा), त्या दिवसांत या समित्या एकेका मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षभराच्या खर्चाला मागितलेला पैसा, तपासतात. सचिव समोर बसतो, गेल्या वर्षी किती दिले, किती खर्चले, टार्गेट काय होतं, झालं का. नंतर सभागृहात यातल्या बऱ्याचशा मागण्या चर्चा न होताच एका दमात पास होतात, त्याला गिलोटिन म्हणतात, मान उडवायच्या यंत्राचं नाव ते, त्यावरून कळतंच. म्हणजे खोलात जाऊन जे काही विचारलं जातं ते समितीतच, आणि तिथं कॅमेरा नाही. मला तर वाटतं म्हणूनच तिथं बरं चालतं, कॅमेरा नसला की पक्षाला दाखवायला ओरडावं लागत नाही.

२०१७-१८ पासून बजेटबरोबर आउटपुट आणि आउटकमचंपण एक जाड पुस्तक येतं, कुठल्या योजनेतून काय बांधणार आणि त्यानं लोकांचं काय होणार. हे दोन वेगळे रकाने आहेत हे कागदावर तरी मान्य झालं. बोअर म्हणजे आउटपुट. पाणी म्हणजे आउटकम. आमच्या वेळी एकच रकाना होता.

सगळ्यात चांगलं उदाहरण जलजीवन मिशन, गावातल्या घराघरात नळ द्यायची केंद्राची योजना, कारण ते आपल्या दारात आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला घोषणा झाली तेव्हा गावांतल्या ३.२३ कोटी घरांना नळ होता, म्हणजे साधारण १७ टक्के, आणि टार्गेट होतं २०२४ पर्यंत सगळ्यांना, माणशी रोज ५५ लिटर. २०२५ च्या बजेटमध्ये सांगितलं की १५ कोटी घरं झाली, ८० टक्के, आणि मुदत २०२८ पर्यंत वाढवली. काम लहान नाही हे, मी सांख्यिकीचा माणूस आहे, १७ वरून ८० ला येणं किती अवघड ते मला कळतं, उगाच नावं ठेवणार नाही. पण त्याच बजेटचा दुसरा कागद बघा, २०२४-२५ साठी ७०,१६३ कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटी झाले. टार्गेटचं वर्ष तेच आणि पैसा कमी झाला तोही त्याच वर्षी. भाषण ऐकणाऱ्याला हे कळत नाही, मागण्या तपासणाऱ्याला कळतं.

आणि आता माझा आवडता आकडा. मिशनच्या २०२२ च्या पाहणीत कळलं की ८६ टक्के घरांचे नळ चालू होते. हे मंत्रालयानं खासदारांच्या प्रश्नांना लेखी उत्तरांत दिलेलं आहे. पुढं लिहिलंय, या चालू नळांपैकी ८५ टक्क्यांना पुरेसं पाणी, ८० टक्क्यांना ठरल्या वेळापत्रकाप्रमाणं, ८७ टक्क्यांचं पाणी गुणवत्तेत बसणारं. आता बोटांवर हिशोब करा, शंभर नळ धरले तर ८६ चालू, त्यातले वेळेवर येणारे साधारण ६९. पुरेसं, वेळेवर आणि चांगलं, तिन्ही एकाच घरात असणारे किती, ते या तीन आकड्यांवरून निघतच नाही, गुणाकार करून काढू नका, पुतण्यानं काढला होता, ओरडलो मी त्याला. मुद्दा असा की "पूर्ण म्हणजे काय" हा आमदारांचा प्रश्न दिल्लीत चार तुकडे करून विचारला गेला आणि चारही तुकड्यांना लेखी उत्तर मिळालं.

मग लोक म्हणतात, विचारून होतं काय, सरकारवर बंधन आहे का. नाही. समितीची शिफारस ही शिफारसच. पण एक खुबी आहे आणि ती फार कुणी सांगत नाही. समितीनं रिपोर्ट दिला की सरकारला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं आणि त्यावर समिती परत रिपोर्ट काढते, कार्यवाहीचा. त्यात पाच प्रकरणं असतात. दुसऱ्यात सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीनं उत्तर ऐकून सोडून दिलेल्या, पाचव्यात अजून शेवटचं उत्तर न आलेल्या. आणि चौथ्यात, सरकारनं उत्तर दिलं पण समितीला पटलं नाही अशा. मी डायरेक्ट चौथं उघडतो. चौथं प्रकरण रिकामं असेल तर दोनच शक्यता, एकतर सगळं छान चाललंय नाहीतर समिती झोपलीय. शेवटी बैठकीचं इतिवृत्तपण जोडलेलं असतं, कोण हजर होतं त्याची यादी असते, ३१ पैकी किती नावं आहेत ते मोजा, मी मोजतो, सवय जात नाही.

पुतण्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, त्याच्या नोट्समध्ये स्कॉटलंडचं होतं. त्यांच्या सरकारनं २००७ पासून देशाच्या कामगिरीचा आराखडा ठेवलाय आणि २०१५ मध्ये कायदाच केला की ही उद्दिष्टं दर पाच वर्षांनी तपासायची, बदलायची तर त्यांच्या संसदेशी सल्लामसलत करायची. म्हणजे टार्गेट ठरवतानाच विचारायचं. आपल्याकडं टार्गेट लाल किल्ल्यावरून येतं आणि समितीच्या हातात पडतं तेव्हा टेंडरं निघालेली असतात. ही माझी खरी तक्रार आहे. पाणी येणार म्हणजे दिवसाआड का रोज, उन्हाळ्यात काय, बोअर आटला तर काय, हे आधी ठरलं असतं तर नंतर पूर्ण म्हणजे काय विचारायची वेळ आली नसती. आणि हे मराठवाड्यात तरी आधी ठरायला पाहिजे होतं, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेला जिल्हा आहे हा.

आमच्या गावात नळ आलाय. अंगणात पाईप आहे, तोटी आहे, नळासोबत माझा फोटोपण काढून नेलाय. सगळ्या घरांना नळ झाला म्हणून कागदावर गाव आधी "कळवलेलं" असतं, मग ग्रामसभेनं ठराव केला की "प्रमाणित" होतं, हे दोन वेगळे रकाने, आणि ठरावाच्या दिवशी मी ग्रामसभेत उभं राहून विचारलं, पूर्ण म्हणजे काय. सगळे हसले. समोरून उत्तर आलं, "साहेब, तुम्हीच तर भरत होताव की." खोटं नव्हतं, खाली बसलो.

तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाणी आलेल्या तारखेला गोल करतो, शेजारी किती मिनिटं ते लिहितो. एखाद्या समितीनं पेपरात जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवली की सामान्य माणूसही पाठवू शकतो, म्हणून पानांच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. बायकोचं म्हणणं वेगळंच आहे. "अहो, ते गोल जरा बारीक काढा, दुधाचं लिहायला जागा राहीना झालीय."