टेबलाआधी खुर्ची

घरून काम करायचं ठरलं की लोक आधी टेबल शोधायला लागतात. माझं मत उलटं आहे. आधी खुर्ची, मग उजेड आणि टेबल अगदी शेवटी. टेबल म्हणजे काय, चार पाय आणि वर फळी! फक्त खुर्चीचं आणि त्याचं जमलं पाहिजे.

तेच नेमकं जमत नाही. बहुतेक तयार टेबलं ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतात आणि माझी उंची बेताची. कोपरं टेबलाच्या पातळीला येतील इतकी खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात. पाय टेकवावेत तर टाइप करताना खांदे कानाला भिडतात. मी खुर्ची वरच ठेवली आणि पायांखाली उतरती फळी घेतली. खुर्ची घेताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात. पाठ टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. आणि खुर्चीचे हात टेबलाखाली जायला हवेत, नाहीतर ते कडेला अडतात आणि आपण पुढे वाकून बसतो. माझ्या खुर्चीचे हात काढता येत होते, काढून टाकले.

माझं काम मुद्रितशोधनाचं. मूळ हस्तलिखित कागदावर, प्रूफ पडद्यावर. कागद टेबलावर आडवा ठेवला की मान दिवसभर खाली-वर, खाली-वर. त्यावर साधा उपाय म्हणजे कागद उभा धरणारा स्टँड, पडद्याला अगदी खेटून आणि त्याच उंचीवर. एवढ्याशा वस्तूने मला जितका आराम दिला तितका महागड्या खुर्चीनेही दिला नसता.

लॅपटॉपची गोम अशी की त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात नीट ठेवावेत तर मान वाकते, पडदा वर घ्यावा तर मनगटं वाकडी. त्यामुळे वेगळा कीबोर्ड हवाच. लॅपटॉप मी शब्दकोशाच्या खंडांवर ठेवते, हातभर अंतरावर. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, असं सगळे सांगतात. पण तुमचा चष्मा माझ्यासारखा प्रोग्रेसिव्ह असेल तर हे जसंच्या तसं ऐकू नका. त्यातून जवळचं बघायचं ते काचेच्या खालच्या भागातून, म्हणजे पडदा उंच असला की हनुवटी आपोआप वर जाते आणि मानेचा मागचा भाग आखडतो. मी एक खंड काढून घेतला. (शब्द बघायला तो लागतोच, हे निराळं.)

उजेडाचं म्हणाल तर खिडकी बाजूला हवी. समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर ती पडद्यात दिसते. एक युक्ती: लॅपटॉप न मिटता त्याचा पडदा बंद करून नेहमीच्या जागी बसा आणि त्या काळ्या काचेत बघा. तिथे जे चमकतं तेच दिवसभर डोळ्यांना त्रास देत असतं. कागदावर लिहायचं असेल तर दिवा डावीकडे, म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट करावं.

आता सोयीनुसार बदलता येण्याबद्दल. १९६४ साली हर्मन मिलर कंपनीने ‘अॅक्शन ऑफिस’ नावाचं फर्निचर आणलं होतं. कंपनीचा संशोधक रॉबर्ट प्रॉप्स्ट याची कल्पना अशी की माणसाने कधी बसून, कधी उभ्याने काम करावं. पुढे १९६८मधल्या दुसऱ्या आवृत्तीतून ऑफिसांमधल्या त्या कंटाळवाण्या खोकेवजा क्युबिकलांचा जन्म झाला, ही गंमतच म्हणायची. मूळ कल्पना मात्र घरात छान चालते. कितीही ‘योग्य’ बैठक असली तरी तीच तासन्‌तास धरून ठेवली की अंग बोलायला लागतंच.

माझं सगळं ऑफिस एका चाकांच्या ट्रॉलीवर आहे: वरच्या कप्प्यात प्रूफं, मधे कीबोर्ड आणि माउस, खाली चार्जर. एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवलाय, त्यामुळे उठताना एकच प्लग काढावा लागतो. संध्याकाळी टेबल मुलाला अभ्यासाला लागतं, तेव्हा मी ट्रॉली ढकलत खणांच्या कपाटापाशी जाते. त्याची उंची माझ्या कोपराएवढी. शेवटचं वाचन मी तिथेच उभ्याने करते. उभ्याने वाचताना चुका जास्त सापडतात, असा माझा दावा आहे. घरच्यांचं म्हणणं, पाय दुखायला लागले की ही काम भराभर उरकते.