बग्सवर्थ बेसिनचे गडगे

सासरे रत्नागिरीहून आलेत आणि मँचेस्टरची दुकानं बघून पार कंटाळलेले, म्हणून शनिवारी त्यांना बग्सवर्थ बेसिनला, कालव्यावरच्या जुन्या बंदरात, नेलं. मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनवरून बक्स्टनची ट्रेन पकडायची, पाऊण तासात व्हेली ब्रिज, तिथून कालव्याच्या कडेकडेने चालत वीस-पंचवीस मिनिटं. (बॉक्स्टन नाही हं, बक्स्टन!) गावाचं नाव आता बक्सवर्थ आहे पण बेसिनला जुनंच नाव, मॅपवर शोधताना गोंधळ होतो.

हे पीक फॉरेस्ट कालव्याच्या टोकाचं बंदर, १७९६ पासूनचं. डव्ह होल्सच्या खाणीतून चुनखडी ट्रॅमवेने इथे यायची, इंजिन वगैरे काही नाही, भरलेल्या वाघिणी उतारावर आपोआप खाली आणि रिकाम्या घोडे ओढून वर न्यायचे. १९२० च्या दशकात सगळं बंद पडलं, गाळ, झुडपं. मग १९६८ पासून स्वयंसेवकांनी उपसत उपसत पुन्हा उभं केलं. रूळ गेलेत, पण त्यांच्याखालचे भोकवाले दगड अजून दिसतात, खाली बघत चाला.

आम्ही बोटी बघायला गेलो आणि अडकलो भिंतींपाशी. आजूबाजूच्या शेतांच्या हद्दीच्या भिंती, काळपट दगड, चुना सिमेंट काही नाही. बाबा (म्हणजे सासरे) थांबले, हात फिरवला, म्हणाले, "अगं हा तर आपला गडगाच!" (गडगा म्हणजे कोकणातली नुसते दगड रचून घातलेली हद्दीची भिंत.) मग काय, प्रत्येक भिंतीपाशी दहा मिनिटं. दोन बाजूंनी दगड रचायचे, मध्ये बारीक दगडांची भर, अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड म्हणजे दोन्ही बाजू बांधल्या जातात, आणि वर उभे दगड ओळीने. खाली रुंद, वर निमुळती. "फक्त आमचा जांभा, यांचा हा काळा" एवढाच फरक त्यांनी काढला. बक्स्टनच्या पुढे गेलात तर तिथे चुनखडीच्या पांढऱ्या भिंती दिसतात, दगड जवळचाच वापरायचा हे इथेही.

आमच्या लेकाने फोटोसाठी एका भिंतीवर टेकून वरचा दगड पाडला. मी घाबरले, बाबांनी तो गुपचूप फिरवून फिरवून परत नीट बसवला. तर भिंतीवर चढू नका, शेतात जायचं तर फाटकातून, आणि फाटक लावून घ्या, मेंढ्या असतात.

पावसानंतर कालव्याची वाट चिखलाची होते, पांढरे स्नीकर्स घालून जाऊ नका (मी गेले). पब आहे, पण आम्ही डबा नेलेला. पाण्याला कठडा नाही, लहान मुलांचा हात धरा. परतीच्या ट्रेनची वेळ आधी बघून ठेवा, आमची बाबांच्या शेवटच्या गडग्यामुळे चुकली आणि पुढची तासाने होती.