वाट शिकणारे मासे

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटाजवळ फ्रेंच ग्रंट नावाचा पिवळ्या पट्ट्यांचा मासा आढळतो. घशातले दात घासून आवाज काढणारा हा मासा आपल्या कोकणातल्या करकऱ्याच्या कुळातला. त्याची पिल्ले दिवसभर प्रवाळाच्या एखाद्या खडकाभोवती थव्याने विसावतात, सूर्य मावळला की खडकाच्या कडेला जमतात आणि अंधार पडता पडता रांगेने समुद्रगवताच्या कुरणाकडे निघतात. तिथे रात्रभर बारीकसारीक जीव खाऊन पहाटे ती त्याच वाटेने आपल्या खडकावर परततात.

ही वाट त्यांना कळते कशी, याचा जीन हेल्फमन आणि एरिक शुल्ट्झ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला शोध मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी काही मासे पकडून दुसऱ्या खडकावरच्या थव्यात सोडले. तिथल्या जुन्या माशांमागून जाण्याची संधी या नवख्यांना मिळाली, आणि नंतर ते जुने मासे तिथून काढून घेतल्यावरही नवखे त्याच नव्या वाटेने गेले आणि परत आले. ज्यांना अशी संधी मिळालीच नव्हती, त्यांच्या हालचालीला मात्र काही निश्चित दिशा दिसली नाही. म्हणजे थव्याजवळ वाटेची माहिती असते आणि ती जुन्यांकडून नव्यांकडे जाते. एखाद्या खडकावरचे सगळे मासे एकदम पकडले गेले, तर ही माहितीही त्यांच्याबरोबर जात असणार, असे मला वाटते.

या येण्याजाण्याचा प्रवाळालाही उपयोग होत असावा. कुरणात खाल्लेले अन्न मासे दिवसा खडकावर विष्ठेवाटे आणि अमोनियाच्या रूपात सोडतात, आणि तिथल्या पोषणद्रव्यांनी गरीब असलेल्या पाण्यात ही भर मोठी ठरते. जूडी मेयर यांनी शुल्ट्झ व हेल्फमन यांच्यासह १९८३ साली ज्या खडकांवर थवे विसावतात आणि ज्यांवर विसावत नाहीत त्यांची तुलना केली, तेव्हा थवे असलेल्या खडकांवरच्या प्रवाळाची वाढ जास्त दिसली. म्हणून संरक्षित क्षेत्राची हद्द आखताना खडक आत आणि कुरण बाहेर ठेवणे मला अर्धवट काम वाटते.

हद्द कुठवर न्यायची हे ठरवायला आता ध्वनिसंकेत देणारे ट्रान्समीटर मदतीला आले आहेत. माशाला भूल देऊन, पोटाला छोटी चीर पाडून ट्रान्समीटर आत बसवतात आणि टाके घालतात. मासा सावरला की त्याला पकडल्या जागीच सोडतात. पुढे तो तळाशी बसवलेल्या रिसीव्हरजवळून गेला की त्याचा क्रमांक आणि वेळ नोंदली जाते. खुल्या पाण्यात हा संकेत बराच दूरवर ऐकू येतो, पण प्रवाळात उंचसखल खडक आडवे येतात आणि कपारीत शिरलेला मासा जवळ असूनही ऐकू येत नाही. त्यात चिमटा फटकारून कडाड आवाज करणाऱ्या कोळंब्यांच्या गोंगाटात संकेत बुडून जातात, आणि हा गोंगाट दिवसभर सारखा नसतो. बऱ्याच ठिकाणी तो रात्री वाढतो, म्हणजे नेमका हे मासे कुरणात चरत असतात तेव्हा. त्यामुळे रात्री नोंदी कमी झाल्या म्हणून मासा निघून गेला असे लगेच म्हणता येत नाही. काळजीपूर्वक काम करणारे संशोधक तसाच एक ट्रान्समीटर वजनाला बांधून तळाशी कायमचा ठेवतात, या न हलणाऱ्या ट्रान्समीटरच्या नोंदी कोणत्या तासाला किती घटतात ते पाहतात आणि त्या प्रमाणात माशांच्या नोंदी दुरुस्त करून मगच नकाशावर वाट काढतात.