पेट्रोलशिवाय वर्षभर पक्षी

शनिवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलेय. गेले काही दिवस डोक्यात तेच घोळतंय, कॅनडातल्या युकॉनचं ते कुटुंब. आई, बाबा आणि पंधरा वर्षांचा मुलगा, २००७ च्या जूनमध्ये तिघं घरातूनच सायकलवर निघाले ते वर्षभर फिरतच राहिले, पॅसिफिकच्या किनाऱ्याने खाली कॅलिफोर्निया, मग ॲरिझोना, टेक्सास करत पार फ्लोरिडापर्यंत. साधारण २१,००० किलोमीटर. ५४८ जातींचे पक्षी बघितले आणि पक्षी संवर्धनासाठी २५,००० डॉलरच्या वर पैसे जमवले. अट एकच, पक्षी बघायला पेट्रोल जाळायचं नाही.

ही अटच मला जास्त भावली, ५४८ चा आकडा नंतर. कारण आम्हा पक्षीवेड्यांची एक गंमतच आहे, जंगलं वाचली पाहिजेत, हवामान बदलतंय असं तळमळून बोलायचं आणि ग्रुपवर एखाद्या दुर्मिळ पक्ष्याचा फोटो पडला की रात्रीच गाडीला किल्ली मारायची. बिग इयर नावाचा प्रकार तर त्याचा कळस, एका वर्षात जास्तीत जास्त जाती कोण बघतो ते बघायचं. २०१५ मध्ये नोआ स्ट्रायकर या अमेरिकन पक्षीनिरीक्षकाने ४१ देश फिरून ६,०४२ जाती बघितल्या. कौतुक आहेच, माझ्याच्याने सातजन्मात होणार नाही, पण त्यात विमानं किती झाली असतील असं मनात येतंच ना.

सायकलवर ही पळापळ करताच येत नाही. तीनशे किलोमीटर मागे काहीतरी भारी दिसलंय असं कळलं तर काय करणार, हळहळायचं आणि पुढे पॅडल मारायचं. म्हणजे पक्ष्यामागे धावण्यापेक्षा तो कुठे कधी येणार हे आधी ओळखून तिथे पोचायचं, आणि त्यासाठी सगळा रस्ताच ऋतूंवर बसवावा लागतो. जूनमध्ये उत्तरेला विणीचा हंगाम, थंडीत दक्षिणेकडे, एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखाताचा टेक्सासकडचा किनारा गाठता आला तर सोनंच. तीन-चार ग्रॅमचा हमिंगबर्ड आणि वॉर्बलर नावाचे इवलेसे पक्षी समुद्रावरून रात्रभर उडत येतात, आणि नेमका उत्तरेचा वारा किंवा पाऊस आला की दमून किनाऱ्यावरच्या पहिल्या झाडांवर अक्षरशः कोसळतात. बघणाऱ्यांची दिवाळी, पक्ष्यांचे मात्र हाल. आणि तोच वारा उत्तरेकडे सायकल मारणाऱ्यालाही तोंडावर घ्यावा लागतो! गाडीच्या काचेआड बसून हे कळत नाही, पायांना कळतं.

बाकी आपण कितीही फुशारकी मारली तरी, २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक गॉडविट (किनाऱ्यावरचा स्थलांतरी पक्षी) अलास्काहून टास्मानियाला गेला, १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये कुठेही न उतरता. या तिघांची सरासरी काढली तर दिवसाला ५७-५८ किलोमीटर येते. तीही तंबू, भांडी, दुर्बिणी सगळं लादलेल्या सायकलींवर, म्हणजे कमी नाहीच.

सायकलचा अजून एक फायदा म्हणजे कान मोकळे राहतात. निम्मे पक्षी आधी ऐकूच येतात, दिसतात नंतर (कधीकधी दिसतच नाहीत). आणि इथे पोरं मोठ्यांच्या पुढे असतात, कारण किंगलेटसारख्या पक्ष्यांचा आवाज इतका बारीक की वय वाढलं की तो ऐकू यायचाच बंद होतो. म्हणजे मुलगा म्हणणार थांबा, वर काहीतरी आहे, आणि आईबाबा नुसतेच फांद्यांकडे बघत उभे. असं त्यांचं कितीदा झालं असेल कोण जाणे. मुलाच्या वेडापायी घराने वर्ष काढायचं, शाळेचं वर्ष बाजूला ठेवायचं, आई म्हणून मला हे चढावापेक्षा अवघड वाटतं. मी हो म्हटलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं म्हटलं.

नवरा म्हणाला, याने पक्षी वाचतात का पण? प्रश्न रास्त आहे. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ २९० कोटी पक्षी कमी झाले असा २०१९ चा अभ्यास आहे, त्यापुढे २५,००० डॉलर म्हणजे काहीच नाही. पण मग मी त्याला हूपिंग क्रेन या उत्तर अमेरिकेतल्या क्रौंच पक्ष्याचं सांगितलं, १९४१ मध्ये कसेबसे वीस-बावीस उरले होते, कॅनडात वीण करून टेक्सासच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणारा त्यांचा थवा आता पाचशेच्या वर गेलाय. तेही असंच झालं, दलदली राखून, शिकार थांबवून, वर्षानुवर्षं मोजत बसून, आणि त्यात असल्या छोट्या छोट्या पैशांचा आणि चिकाटीच्या माणसांचा हात असतोच. तो हं म्हणाला आणि झोपला, पटलं की नाही माहीत नाही.

२०१४ मध्ये डोरियन अँडरसन या अमेरिकन पक्षीनिरीक्षकानेही वर्षभरात सायकलवर ६१८ जाती केल्या, पण एकट्याने. मला ते तिघंच जास्त आवडतात, बहुतेक भांडत भांडत गेले असतील म्हणून.

लेकीला हे सगळं सांगितलं तर तिने लगेच नियमच काढला, फेब्रुवारीतल्या पक्षीगणनेला या वेळी स्कूटर नाही, सायकलने जिथवर जाता येईल तिथलेच पक्षी मोजायचे. माझ्या सायकलच्या मागच्या ट्यूबमध्ये हवा टिकत नाही, उद्या ती बघून घ्यायला हवी.