न वाजणारं टॅपेट

गाडी वीस वर्षांची, पेट्रोल, चार सिलिंडर. तक्रार एका ओळीची: गरम झाली की उभ्या जागी थरथरते. रेस केली की गुळगुळीत, चालत्या गाडीत त्रास नाही, पण थांबलं की स्टीअरिंग हातात नाचतं. माझ्याकडे येईपर्यंत तिच्यात नवे प्लग, नवी कॉइल, नवा ऑक्सिजन सेन्सर पडला होता. स्कॅनरवर कोड पी०३०३, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. का करतोय, ते कोड सांगत नाही. तरी आमच्या धंद्यातली कितीतरी माणसं कोड वाचून थेट पार्ट मागवतात, याचा मला मनापासून राग येतो. पैसे मालकाचे जातात.

मी अदलाबदल केली. तीनची कॉइल एकला, तीनचा प्लग दोनला, तीनचा इंजेक्टर चारला. मिसिंग तीनवरच राहिलं. म्हणजे करंट आहे, पेट्रोल आहे. मग काँप्रेशन घेतलं, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजला. गाडी रात्रभर उभी होती. चारही सिलिंडर १६५ ते १७२ पीएसआय. समाधानाने गेज ठेवून दिला. हीच चूक अजून डोक्यातून जात नाही. मालकांनी पहिल्याच वाक्यात ‘गरम झाली की’ म्हटलं होतं, आणि मी तपासलं थंड इंजिन.

पुढचा अर्धा दिवस हवेच्या गळतीमागे गेला. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोरात असतो, त्यामुळे गॅस्केटच्या बारीक फटीतून शिरलेली हवासुद्धा मिश्रण बिघडवते. रेस केली की तेवढी हवा किरकोळ ठरते. लक्षण जुळत होतं. धूर सोडून बघितला. मॅनिफोल्ड, ब्रेक बूस्टरची नळी, कुठूनच बाहेर आला नाही.

तेव्हा गाडी तशीच सुरू ठेवून मागे गेलो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली. उस्तादांनी शिकवलेली जुनी युक्ती. पट्टी बाहेरच्या बाजूला फडफडायला हवी. ती फडफडत होती, पण मधेच आत ओढली जाऊन नळीच्या कडेला चिकटत होती. क्षणभर, मग पुन्हा बाहेर. जळका धूर बाहेर सोडणारा कुठला तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता आणि पिस्टन खाली जाताना सायलेन्सरमधूनच हवा खेचत होता.

गरम इंजिनावर काँप्रेशन पुन्हा घेतलं. बाकी तिघे जागच्या जागी, तीन नंबर ११०. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं, काटा हलला नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंग ठीक; त्या गळत असत्या तर ऑइलने दाब वाढला असता. तीनचा पिस्टन काँप्रेशनला वर आणून प्लगच्या भोकातून हवा सोडली, बरोबरच्या मुलाला थ्रॉटलपाशी कान लावायला सांगितला, मी सायलेन्सरपाशी बसलो. त्याच्याकडे शांत. माझ्या कानात बारीक, अखंड सूंऽऽ.

दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना कव्हर उघडलं. व्हॉल्व्ह दाबून उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट म्हणजे टॅपेटचा गॅप; या इंजिनाला एक्झॉस्टचा तो ०.२५ मिमी लागतो. एक, दोन, चारला ०.१५च्या आसपास निघाला. तीनला गॅप मोजायची ०.०५ची पत्तीसुद्धा शिरेना. इंजिन तापलं की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, आणि गॅपच नसेल तर रॉकर त्याला सीटवर, म्हणजे बंद होताना टेकायच्या जागेवर, पूर्ण बसू देत नाही. आयडलला फेरे सावकाश, दाब निसटायला भरपूर वेळ. रेसमध्ये तेवढा वेळच मिळत नाही.

मालकांना विचारलं, टॅपेटला कुणी हात लावला होता का?

“हो, मागच्या सर्व्हिसला. आवाज यायचा, मीच मागे लागलो होतो. त्यांनी एकदम घालवला. किती शांत झालं होतं इंजिन, मिस्त्री!”

ढिलं टॅपेट वाजतं, म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात. आवळलेलं टॅपेट वाजत नाही, ते गुपचूप व्हॉल्व्ह जाळतं. चारही एक्झॉस्ट कमी निघाले, म्हणजे आवाज बंद करण्यासाठी ते आवळले असणार, याबद्दल मला शंका नाही. पण तीनच इतका कमी का? हात तिथे जड पडला, की सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत चाललाय? दोन्हीचा परिणाम एकच दिसतो, आणि कव्हर उघडून त्यातलं नेमकं कुठलं, ते मला ठरवता आलेलं नाही.

चारही ०.२५ला लावले. आयडल ८०० वर स्थिर झालं. बॉनेटवर हात ठेवला तर थरथर नाही. गरम काँप्रेशन मात्र तीनला १५० वरच थांबलं. म्हणजे व्हॉल्व्हची कड थोडी जळली आहेच.

“काका, आता बारीक टिकटिक येईल. ती कुणाला घालवायला सांगू नका.” त्यांनी मान डोलावली, पण बराच वेळ बॉनेटपाशी कान देऊन उभे होते.

१,००० किलोमीटरनंतर बोलावलंय. तीनचा गॅप पुन्हा मिटला असेल तर हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागेल. तोवर आकडे वहीत लिहून ठेवलेत, थंडचा एक रकाना, गरमचा एक.