होमलॅबची नोंद: प्लग उपटून ठरवलेला हायपरवायझर

हायपरवायझर ठरला, म्हणजे एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. घरच्या लॅबवर आणि मामांच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, दोन्हीकडे प्रॉक्समॉक्स व्हीई. एक्ससीपी-एनजी आणि इन्कस हे दोन्ही पर्याय घरच्या मशीनवर व्यवस्थित वापरून बघितले आणि मगच ठरवलं. ज्या कसोटीवर ठरवलं ती तुलनेच्या तक्त्यांत फारशी सापडत नाही: वीज गेल्यावर काय होतं आणि परत आल्यावर काय होतं.

मशीनचं सांगतो. घरी लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं रिफर्बिश्ड थिंकसेंटर टायनी आहे, आय५-८५००टी आणि ३२ जीबी रॅम. त्यावर होम असिस्टंट (घरातली उपकरणं), पाय-होल (जाहिराती अडवायला), इमिच (फोटो), जेलीफिन (सिनेमे). वर्कशॉपमध्ये असेंबल केलेला टॉवर, ६४ जीबी रॅम, आणि त्यावर न्यायच्या गोष्टी तीनच: टॅलीचं विंडोज, ड्रॉइंगच्या फाइलींचा शेअर आणि हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर. मामांची अट एका वाक्यात होती. "वीज आली की ऑफिस उघडायच्या आत टॅली चालू पाहिजे, बाकी तुझं तू बघ." माझ्या मते छोट्या धंद्यासाठी हायपरवायझर निवडायचं याहून चांगलं स्पेसिफिकेशन नाही.

सध्या सगळेच हा विषय का काढतायत ते माहीतच आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही हायपरवायझरवाली मोठी कंपनी घेतली, कायमस्वरूपी लायसन्स बंद झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटचं ईएसएक्सआय (तिचा हायपरवायझर) गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आलं. परत आलं हे चांगलंच, पण ज्याच्यावर दुकान चालतं ती गोष्ट दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवू नये, म्हणून मी फक्त ओपन सोर्समध्येच शोधलं.

एक्ससीपी-एनजीबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच्या मुळाशी असलेला झेन हा केंब्रिज विद्यापीठातून २००३ च्या सुमारास बाहेर पडलेला हायपरवायझर. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या व्हेट्स कंपनीने सिट्रिक्स कंपनीच्या झेनसर्व्हरपासून २०१८ मध्ये एक्ससीपी-एनजी उभं केलं, तेही किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवून. ते सांभाळायच्या झेन ऑर्केस्ट्रा या सॉफ्टवेअरमधली एक सोय तर बाकीच्यांनी घ्यावी अशी आहे: बॅकअप झाल्यावर ते व्हीएम आपणहून रिस्टोअर करतं, नेटवर्क न जोडता बूट करून बघतं आणि व्हीएमच्या आत बसवलेल्या गेस्ट टूल्सनी उत्तर दिलं तरच बॅकअप पास. बॅकअप घेणारे पुष्कळ भेटतात, तो उघडून बघणारे फार थोडे. इथे मशीनच ते काम करतं. तरीही घेतलं नाही, कारण त्यात डोम-०, म्हणजे सगळा कारभार बघणारी खास व्हीएम, हे एक बंद उपकरण समजायचं आणि बाहेरची पॅकेजं त्यात टाकायची नाहीत, असं ते लोक स्वतःच सांगतात. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. मला मात्र होस्टवरच (व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ मशीनवरच) यूपीएसशी बोलणारं सॉफ्टवेअर हवं होतं. व्हीएचडी या डिस्क-फाइलच्या प्रकारात एका व्हर्च्युअल डिस्कला असलेली दोन टीबीची मर्यादा हे दुसरं कारण. ड्रॉइंग आणि फोटो मिळून तिथवर पोचायला वेळ लागणार नाही.

इन्कस म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये एलएक्सडी या प्रकल्पापासून फुटलेली शाखा. कंटेनर (होस्टचाच गाभा वापरणारे, व्हीएमपेक्षा हलके) आणि व्हीएम दोन्ही एकाच कमांडने, अतिशय देखणं काम. घरी एकट्याने वापरायला मला ते आजही आवडतं. पण वर्कशॉपमध्ये मी नसताना मामांचा मुलगा फोनवर विचारून ब्राउझरमध्ये बटण दाबणार आहे. त्याच्यासाठी प्रॉक्समॉक्सचं वेब पान बरं. हार्व्हेस्टर हा आणखी एक पर्याय कुबरनेटीसवर, म्हणजे अनेक सर्व्हरवर कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेवर, उभा आहे, इतक्या छोट्या कामाला त्याचं ओझं नको, म्हणून तो बसवलाच नाही.

प्रॉक्समॉक्स म्हणजे खाली साधं डेबियन लिनक्स, व्हीएमसाठी केव्हीएम, कंटेनरसाठी एलएक्ससी. केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे, म्हणजे उद्या प्रॉक्समॉक्सची कंपनी राहिली नाही तरी व्हीएम कुठल्याही लिनक्सवर उठवता येतील. आणि खाली डेबियन असल्यामुळे एनयूटी, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, हे यूपीएसशी बोलणारं सॉफ्टवेअर सरळ बसतं. इथून पुढे खरं काम सुरू झालं.

यूपीएसची यूएसबी केबल होस्टला जोडली. भिंतीतला प्लग काढला. एनयूटीने 'बॅटरीवर' असं नोंदवलं, आणि तिथेच पहिला प्रश्न: होस्ट कधी बंद करायचा? बॅटरी संपत आल्याचा इशारा येईपर्यंत थांबायचं, हा नेहमीचा मार्ग. पण जुन्या बॅटरीत हा इशारा आणि अंधार यांत फारसं अंतर नसतं. म्हणून एनयूटीमधलं अपशेड वापरून टायमर लावला: इतकी मिनिटं बॅटरीवर गेली की शटडाउन सुरू, मधेच वीज आली तर टायमर रद्द. दुसरा मुद्दा विंडोजचा. होस्ट बंद होताना प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएमला बंद व्हायला १८० सेकंद देतं, त्यानंतर ओढून बंद. विंडोज अपडेट अडकून बसलं असेल तर १८० सेकंद पुरत नाहीत, आणि टॅलीचा डेटा उघडा असताना व्हीएम ओढून बंद होणं म्हणजे हिशेबाशी खेळ. त्या व्हीएमची मुदत वाढवली, क्यूईएमयू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत बसून होस्टचे निरोप ऐकणारा प्रोग्रॅम) बसवला आणि टायमर त्या हिशेबाने अलीकडे आणला. यूपीएस किती वेळ तग धरतं ते खोक्यावर छापलेल्या आकड्यावरून ठरवू नका. खरा लोड लावून मोजा.

यातली सगळ्यात नाजूक जागा पुढे आहे. होस्ट नीट बंद झाला, पण यूपीएसची बॅटरी अजून शिल्लक आहे आणि तेवढ्यात वीज आली. बायॉसमध्ये 'वीज आल्यावर चालू हो' ही सेटिंग केलेली असली तरी मशीनच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही! मशीन बंदच राहतं आणि सकाळी टॅली नाही. याला एनयूटीमध्ये उपाय आहे: होस्ट बंद होताना शेवटी यूपीएसलाच सांगायचं की आउटपुट तोड आणि वीज आली की परत दे. सगळी यूपीएस हे मानत नाहीत, त्यामुळे विकत घेण्याआधी एनयूटीच्या यादीत मॉडेल बघून घ्या. वर्कशॉपचं मानतं. प्लग काढला, टॉवर झोपला, यूपीएसचे दिवे गेले, प्लग लावला, टॉवर उठला आणि ठरवून दिलेल्या क्रमाने आधी फाइल शेअर, मग टॅली उभं राहिलं. मामा शेजारी उभे होते. "झालं तर मग," म्हणाले आणि मशीनशॉपकडे गेले.

घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी एक ध्यानात घ्या. साध्या इन्व्हर्टरला डेटा केबल नसते. त्याच्या पुढे छोटं यूपीएस लावलं तर इन्व्हर्टर चालू असेपर्यंत यूपीएसला वीज आहे असंच वाटतं. इन्व्हर्टरची बॅटरी संपली की मगच यूपीएस जागं होतं. म्हणून त्या छोट्या यूपीएसमध्ये सगळं शांतपणे बंद करण्याएवढा दम हवाच.

डिस्कचं थोडक्यात. वर्कशॉपला झेडएफएस या फाइल सिस्टिमचं मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा), आणि दोन्ही एसएसडी पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या, म्हणजे आत कपॅसिटर असतात आणि वीज तुटली तरी हातातलं लिखाण पुरं होतं. सिंक लिखाणात, म्हणजे डिस्कवर पक्कं पोचेपर्यंत थांबायच्या लिखाणात, साध्या एसएसडी फार मागे पडतात. घरी एकच एसएसडी आहे, तिथे एलव्हीएम-थिन (डिस्कची जागा लागेल तशी वाटणारं) पुरतं. व्हीएमच्या डिस्कचा कॅशे 'नन' वरच ठेवा. 'अनसेफ' (लिखाण डिस्कवर पोचायची वाट न बघणारा) हा पर्याय बेंचमार्कमध्ये कितीही सुंदर दिसला तरी हिशेबाच्या मशीनवर नको.

जुनं विंडोज हलवताना आधी डिस्क साटा (नेहमीची जोडणी) म्हणून लावून बूट केलं, सोबत व्हर्टआयओची (व्हीएमसाठीच बनवलेली वेगवान जोडणी) एक छोटी रिकामी डिस्क जोडली, ड्रायव्हर बसवले, आणि मग मूळ डिस्क व्हर्टआयओवर नेली. ही रिकाम्या डिस्कची पायरी गाळली तर विंडोज कोसळल्याचा निळा पडदा बघावा लागण्याची शक्यता मोठी. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर आधी सरेंडर करा, मग नव्या व्हीएमवर ॲक्टिव्हेट करा. विंडोजचं लायसन्स ओईएम (मशीनसोबत आलेलं) असेल तर ते जुन्या मशीनलाच बांधलेलं असतं, तेव्हा व्हीएमसाठी वेगळं लागेल हे खर्चात धरा. वर्कशॉपसाठी प्रॉक्समॉक्सचं कम्युनिटी सबस्क्रिप्शन घेतोय. एंटरप्राइझ रिपॉझिटरीतली तपासून आलेली अपडेट्स मिळतात, आणि ज्यांच्या कामावर आपलं चालतं त्यांना पैसे जायला हवेत.

बॅकअप प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर जातात. व्हीएम चालू असेल तर बदललेले भागच वाचले जातात, व्हीएम एकदा बंद होऊन उठली की पुढचा बॅकअप पूर्ण डिस्क वाचतो, पाठवतो मात्र नवीन तेवढंच. त्यामुळे वीज जाऊन आल्यानंतरचा बॅकअप लांबला तर घाबरू नका. झेन ऑर्केस्ट्रासारखी आपोआप बूट करून बघण्याची सोय यात नाही, ती मी स्क्रिप्टने करतोय: वेगळ्या व्हीएम क्रमांकावर रिस्टोअर, नेटवर्क कार्ड काढलेलं, गेस्ट एजंटने उत्तर दिलं की पास, मग व्हीएम पुसून टाकायची. लिनक्स व्हीएमवर चालतंय. विंडोजवर एजंट उशिरा उत्तर देतो, तिथे किती थांबायचं ते अजून बसवतोय. ते झालं की वर्कशॉपचे बॅकअप वायरगार्ड व्हीपीएनवरून रात्री घरी आणायचे आहेत. पुढची नोंद त्याचीच.